हेडसेटमध्ये धूसर दिसतंय? आधी उंची बघा, मग आकडा

जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला होम मैदानावर गेलात, तर पाळण्यांच्या आणि मौत का कुआँच्या आसपास कुठेतरी व्हीआरचा, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जग दाखवणारा, स्टॉल दिसतोच. तिथे एकच हेडसेट दिवसभर या डोक्यावरून त्या डोक्यावर जात असतो. आठ वर्षांचं पोर उतरतं, पाठोपाठ त्याचे आजोबा चढतात. पट्टा सैल करायचा की आवळायचा, चष्मा ठेवायचा की काढायचा, कोणी विचारत नाही. माणसं उतरताना डोळे चोळत म्हणतात, "भारी होतं, पण जरा धूसर होतं." आणि घरी जाताना समजूत घेऊन जातात की व्हीआर धूसरच असतं.

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात व्हीआरची छोटी लॅब सांभाळते. सहा हेडसेट आणि दर सत्राला नवी मुलं. "मॅडम, हा हेडसेट खराब आहे, अंधुक दिसतंय" ही तक्रार आठवड्यातून दोनदा तरी येते. तपासल्यावर बहुतेक वेळा हेडसेट ठणठणीत निघतो, तो फक्त चेहऱ्यावर चुकीच्या जागी बसलेला असतो. ज्यांनी नुकताच हेडसेट घेतलाय, किंवा भावाचा, मित्राचा वापरून बघतायत, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे. क्रम मोडू नका. पुढची पायरी आधी केली तर मागची चूक सापडत नाही.

आत नेमकं काय असतं

हेडसेटमध्ये डोळ्यांपासून काही सेंटिमीटरवर पडदा असतो. इतक्या जवळचं आपल्या डोळ्याला स्पष्ट दिसत नाही. हाताचा तळवा नाकाला टेकवून रेषा वाचायचा प्रयत्न करा, म्हणजे कळेल. म्हणून मध्ये भिंग घालतात. ते भिंग पडद्यावरचं चित्र लांब, साधारण एक-दोन मीटरवर असल्यासारखं डोळ्याला दाखवतं. प्रत्येक भिंगाला एक मध्य असतो. तुमच्या डोळ्याची बाहुली त्या मध्यासमोर आली की चित्र लख्ख दिसतं. बाजूला सरकली की अक्षरांच्या कडा फुटतात, पांढऱ्या अक्षराला निळी-लाल किनार येते. इंग्रजीत या स्पष्ट जागेला 'स्वीट स्पॉट' म्हणतात आणि व्हीआरवाले मराठी बोलतानाही तेच म्हणतात.

ही जागा किती मोठी, ते भिंगावर ठरतं. मेटा कंपनीच्या क्वेस्ट २ आणि क्वेस्ट ३एस या हेडसेटमध्ये फ्रेनेल भिंग आहे. हेडसेट उजेडात तिरका धरून बघा, भिंगावर एकात एक गोल रेघा दिसतील. ही रचना फ्रेनेल नावाच्या फ्रेंच अभियंत्याने १८२० च्या दशकात दीपगृहांसाठी केली होती, जाड भिंगाचं वजन वाचवायला. हेडसेटमध्येही ती वजन वाचवते, पण स्पष्ट जागा लहान राहते आणि काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं आली की त्यांच्याभोवती उजेडाचे फराटे उठतात. क्वेस्ट ३ आणि पिको ४ मध्ये पॅनकेक भिंग आहे. त्यात उजेड आतल्या आत घडी घालून फिरवतात, त्यामुळे हेडसेट पातळ होतो आणि जवळपास काठापर्यंत स्पष्ट दिसतं. म्हणून फ्रेनेलवाल्यांनी पुढच्या पायऱ्या जास्त काटेकोरपणे कराव्यात. तिथे दोन-तीन मिलिमीटरनेही फरक पडतो.

भिंग पुसणं

आपल्याकडे धूळ किती, ते सांगायला नको. पण भिंग प्लास्टिकचं असतं, त्यावर धुळीचा कण घासला की कायमचा ओरखडा. म्हणून आधी कॅमेऱ्याच्या दुकानात मिळणाऱ्या रबरी फुंकणीने धूळ उडवा, मग कोरड्या मायक्रोफायबरच्या कापडाने मधून बाहेर, गोल गोल, हलक्या हाताने पुसा. सॅनिटायझर, काच पुसायचा स्प्रे, स्पिरिट, काही नको. आणि टॉवेल तर नकोच. सोलापूरचा टेरी टॉवेल अंग पुसायला जगात नाव काढतो, पण त्याचे उभे फासे आणि त्यात अडकलेली धूळ भिंगाला मारक आहे.

डोळ्यांमधलं अंतर मोजणं

दोन बाहुल्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे आयपीडी. मोठ्या माणसांत ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण ५५ चे आणि ७२ चे लोकही आपल्यात असतात. चष्मा असेल तर काम सोपं. चष्म्याच्या दुकानात फ्रेम बसवताना हे अंतर मोजतातच, ते त्याला 'पीडी' म्हणतात. कागदावर नसेल तर विचारून घ्या, दोन मिनिटांत मोजून देतात. लांबचं बघण्याचं अंतर मागा, जवळचं वाचण्याचं नको. जवळ बघताना डोळे आत वळतात आणि आकडा काही मिलिमीटरने कमी येतो.

घरी मोजायचं तर आरसा आणि मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी घ्या. आरशापासून वीतभर अंतरावर उभे राहा, पट्टी भुवयांवर आडवी धरा. उजवा डोळा मिटा. शून्याची खूण डाव्या बाहुलीच्या बरोबर मध्यावर आणा. आता पट्टी आणि डोकं न हलवता डावा मिटून उजवा उघडा आणि उजव्या बाहुलीच्या मध्यावर कोणता आकडा येतो ते वाचा. तीनदा मोजा. एकदा ६१, एकदा ६४ आलं तर पट्टी हलतेय, कोपर कपाटाला टेकवा. तीन वेळा मिलिमीटरच्या आत आलं की तो तुमचा आकडा. तो मोबाइलमध्ये लिहून ठेवा, मोठ्या माणसाचा सहसा बदलत नाही.

आता उंची, म्हणजे खरं काम

बहुतेक नवखे इथे चुकतात, कारण इंटरनेटवर सगळे आयपीडीबद्दल बोलतात आणि उंचीबद्दल फारसं कोणी बोलत नाही. आडव्या अंतरासाठी हेडसेटला चाक किंवा खाचा तरी असतात. उभ्या अंतरासाठी काही नसतं. तिथे तुमचा हात आणि पट्टा, एवढंच.

हे मला माझ्या मामाने शिकवलं, त्याला माहीतही नसताना. मामा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहे. हजारभर उभ्या धाग्यांतला एक तुटला तर त्याला चार पावलांवरून कळतं. दिवाळीत तो घरी आला, तेव्हा मी हौसेने त्याचा आयपीडी मोजला, ६४ आला. क्वेस्ट ३ चं चाक फिरवून बरोबर ६४ केलं आणि त्याच्या डोक्यावर चढवला. समोर मेन्यूची अक्षरं. मामा म्हणाला, "अगं, हे फाटल्यासारखं दिसायलंय की." मी आकडा ६३ केला, ६५ केला. काही फरक नाही. मग तो आपण होऊन म्हणाला, "खालची ओळ बरी हाय. वरची जाती."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी हेडसेट खालून दोन्ही हातांनी धरला आणि गालावरून साधारण अर्धा बोट वर उचलला. मामा लगेच म्हणाला, "थांब. थांब, तिथंच." आणि त्याने पहिली ओळ सलग वाचून दाखवली.

घडलं असं होतं. हेडसेट त्याच्या नाकावर खाली घसरून बसला होता. भिंगाचा मध्य बाहुलीच्या खाली होता. नजर खाली गेली की बाहुली मध्याच्या जवळ येई आणि खालची ओळ सुधारे. वर बघितलं की बाहुली आणखी लांब. यातूनच मी लॅबमध्ये एक चाचणी ठरवली. मान स्थिर ठेवा, नुसती नजर फिरवा. खाली बघितल्यावर अक्षरं सुधारत असतील तर हेडसेट वर घ्या. वर बघितल्यावर सुधारत असतील तर खाली घ्या. आकड्याला हात लावायच्या आधी हे करायचंच.

घालायची पद्धतही सांगते. सगळे पट्टे सैल करा. आधी हेडसेट पुढून चेहऱ्याला लावा आणि एका हाताने धरून ठेवा, मग दुसऱ्या हाताने मागचा पट्टा डोक्यावरून मागे ओढा. टोपी घालावी तसा वरून खाली दाबू नका, त्यात तो हमखास खाली बसतो. डोक्याच्या मागे जो हाडाचा उंचवटा असतो, पट्टा त्याच्या खाली, मानेच्या जरा वर यायला हवा. उंचवट्याच्या वर राहिला तर दहा मिनिटांत सरकतो. मग समोर अक्षरं ठेवून हेडसेट हळूहळू वर-खाली करा. एक जागा अशी येते की अक्षरं अचानक टोकदार होतात. तिथे धरा. आता डोक्यावरून जाणारा मधला पट्टा आवळा. हेडसेटचं वजन तोच पेलतो आणि उंची तोच टिकवतो. बाजूचे पट्टे सगळ्यात शेवटी, आणि हेडसेट हलणार नाही इतकेच. गालावर लाल वळ उठत असतील तर तुम्ही मधल्या पट्ट्याचं काम बाजूच्या पट्ट्यांकडून करून घेताय.

उंची जमली की कल बघा. हेडसेटचा वरचा भाग कपाळाला आणि खालचा भाग गालांना सारख्याच दाबाने टेकायला हवा. तोंड पुढे काढलेल्या बादलीसारखा खालून उघडा राहिला, तर भिंग तिरकं होतं आणि मधलं स्पष्ट, खालचं धूसर असा प्रकार होतो. मग डावीकडे-उजवीकडे थोडं सरकवून नाकाच्या मध्यावर आणा. एक कान वर, एक खाली असं व्हायला नको. आरशात बघून खात्री करता येते.

आता आकडा

क्वेस्ट २ आणि ३एस मध्ये भिंगं हाताने धरून सरकवायची असतात आणि तीनच जागा आहेत: ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. तुमचा आकडा ६१ पेक्षा कमी असेल तर पहिली, ६१ ते ६६ असेल तर मधली, त्याहून जास्त असेल तर तिसरी. नेमक्या सीमेवर असाल, समजा ६१, तर दोन्ही जागा करून बघा आणि प्रत्येकीत दहा मिनिटं वाचा. जिथे डोळे कमी ओढले जातात ती तुमची. क्वेस्ट ३ ला खाली चाक आहे, फिरवलं की पडद्यावर मिलिमीटरचा आकडा येतो. सोनीच्या पीएसव्हीआर २ मध्ये आतले कॅमेरे बाहुल्या टिपतात आणि भिंगाच्या मध्याच्या तुलनेत त्या कुठे आहेत ते सेटिंगमध्ये दाखवतात, नवख्याला यासारखी सोय नाही. ॲपल व्हिजन प्रो मध्ये भिंगं मोटरवर आपोआप सरकतात.

मोजलेल्या आकड्याला चिकटून राहू नका. तो सुरुवात म्हणून धरा आणि एक-एक मिलिमीटर दोन्हीकडे हलवून बघा. बऱ्याच जणांचं नाक बरोबर मध्यावर नसतं. एक डोळा नाकापासून ३१ वर, दुसरा ३३ वर, असं सर्रास असतं, आणि हेडसेटला ते वेगवेगळं करता येत नाही.

मग एक डोळा मिटून बघा, मग दुसरा. प्रत्येक डोळ्याने वेगवेगळं स्पष्ट, पण दोन्ही उघडले की दोन-दोन दिसतंय किंवा डोकं जड होतंय, तर आकडा चुकलाय. एका डोळ्याने स्पष्ट आणि दुसऱ्याने धूसर, तर हेडसेट तिरका आहे किंवा त्या डोळ्याला नंबर आहे. दुसऱ्या शक्यतेकडे दुर्लक्ष करू नका. आमच्या लॅबमधल्या दोन मुलांना आपल्याला चष्मा लागतो हे इथेच कळलं.

चष्मा

मी आधी म्हटलं की चित्र एक-दोन मीटर लांब असल्यासारखं दिसतं. म्हणजे हेडसेटमध्ये तुमचा लांबचा नंबर लागतो. पडदा डोळ्याजवळ असला तरी उणे नंबरवाल्यांना चष्म्याशिवाय धूसरच दिसणार. उणे अर्धा-पाऊण असेल तर बहुधा चालून जातं. उलट चाळिशीनंतर फक्त वाचायला चष्मा लावणाऱ्यांना हेडसेटमध्ये तो सहसा लागत नाही. माझ्या आईने वाचायचा चष्मा लावूनच हेडसेट घातला आणि सगळं धूसर झालं. चष्मा काढल्यावर ती पंधरा मिनिटं बाहेर आली नाही. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर खालच्या भागात वाचायचा नंबर असतो, तिथून बघितलं की बिघडतं. जुना, फक्त लांबचा चष्मा कपाटात असेल तर तो हेडसेटसाठी ठेवा.

चष्म्याची काच हेडसेटच्या भिंगाला टेकता कामा नये. टेकली तर दोन्हीला ओरखडे. क्वेस्ट २ सोबत चष्म्यासाठी जाडसर चौकट मिळायची, ती चेहऱ्याला टेकणाऱ्या फोमच्या आत बसवा. क्वेस्ट ३ मध्ये भिंगापासून डोळ्यांचं अंतर चार टप्प्यांत कमी-जास्त करता येतं, चष्मेवाल्यांनी लांबच्या टप्प्यापासून सुरुवात करावी. चष्मा नसेल त्यांनी जितकं जवळ जाता येईल तितकं जावं, फक्त पापण्यांचे केस भिंगाला लागायला नकोत. जवळ गेलं की दिसण्याचा पैस वाढतो.

रोज वापरणार असाल तर हेडसेटच्या भिंगावर बसणाऱ्या नंबरच्या चकत्या करून घ्या. सिलिंडर नंबर असेल तर ॲक्सिसचा, म्हणजे तो नंबर कोणत्या कोनात बसतो त्याचा, आकडा बरोबर द्या, आणि मग हेडसेट तिरका घालायची चैन संपली असं समजा. चकती हेडसेटबरोबर फिरते आणि ॲक्सिस चुकतो.

घाम

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. पंख्याखाली उभं राहून दहा मिनिटं तलवारबाजीचा गेम खेळलात की कपाळ ओलं. घामाने फोम निसरडा होतो, हेडसेट हळूहळू खाली येतो, आणि सुरुवातीला लख्ख असलेलं चित्र पंधराव्या मिनिटाला धूसर. मुलांना वाटतं डोळे थकले. डोळे नाही, हेडसेट थकलाय. थांबा, कपाळ आणि फोम पुसा, पुन्हा उंची लावा. मागच्या बाजूला वजन असलेला पट्टा, उदाहरणार्थ मागे बॅटरी असलेला, लावला तर पुढचं वजन तोलतं आणि घसरण बरीच कमी होते. एसीच्या खोलीतून आणलेला गार हेडसेट घामट चेहऱ्याला लावला तर भिंगावर धुकं धरतं. पुसत बसू नका, चालू करून पाच मिनिटं बाजूला ठेवा, आतून कोमट झाला की धुकं धरत नाही.

भिंगाचा दोष नसतो तेव्हा

हम्पीचा ३६० अंशांचा व्हिडिओ लावला आणि दगड मऊ, पुसट दिसले, तर लगेच पट्ट्यांशी झटू नका. मेन्यूवर या. मेन्यूची अक्षरं टोकदार आहेत ना? मग दोष व्हिडिओचा आहे. हिशोब साधा आहे. फोर-के व्हिडिओत आडवे ३८४० ठिपके असतात. ते पूर्ण ३६० अंशांवर पसरले की एका अंशाला जेमतेम ११ ठिपके येतात. क्वेस्ट ३ चा पडदा एका अंशात २५ दाखवू शकतो. म्हणजे निम्म्याहून जास्त पडदा रिकामाच राबतोय. कॉम्प्युटरवरून वायफायने गेम चालवताना हालचालीत चित्र चिखल होत असेल, तर तेही वायफायचं काम, भिंगाचं नाही.

ऊन

यात मी स्वतः नुकसान करून घेतलंय. एप्रिलमध्ये हेडसेट खिडकीतल्या कट्ट्यावर ठेवला, भिंगं वरच्या बाजूला. दुपारी ऊन सरकत आलं. लहानपणी आपण भिंगाने वाळलेलं पान जाळायचो, तेच इथे होतं, फक्त पानाच्या जागी पडदा असतो. उजव्या डोळ्यासमोर कोपऱ्यात तांदळाएवढा पिवळट डाग पडला. तो कुठल्याही सेटिंगने जात नाही. तेव्हापासून लॅबमध्ये नियम आहे: हेडसेट उतरवला की भिंगावर कापड, आणि कापडावर झाकण. गाडीच्या डॅशबोर्डवर तर मिनिटभरही नको.

लहान मुलं

मेटाने क्वेस्टसाठी किमान वय १० ठेवलंय, सोनीने पीएसव्हीआर २ साठी १२. लहान मुलांच्या डोळ्यांतलं अंतर बऱ्याचदा ५८ पेक्षा कमी असतं, म्हणजे क्वेस्ट २ किंवा ३एस मध्ये भिंगं कितीही जवळ आणली तरी त्यांना नीट दिसेलच असं नाही. त्यांनी "धूसर आहे" म्हटलं तर समजवत बसू नका, काढून घ्या.

हेडसेटच बिघडला असेल तर

सगळं करून झालं तरी दोन-दोन दिसतंय. मग समोर एक आडवी रेघ येईल असं काहीतरी उघडा, मेन्यूच्या चौकटीची वरची कड चालेल. मान स्थिर ठेवून डोळे आळीपाळीने झटपट मिटा. रेघ डावी-उजवीकडे जराशी सरकली तर चिंता नको. वर-खाली उडी मारत असेल तर आधी हेडसेट तिरका नाही ना ते बघा. सरळ असूनही उडी मारत असेल, तर घरातल्या आणखी दोघांना घालून हीच चाचणी करा. तिघांनाही रेघ उडताना दिसली, आणि तिघांच्या एकाच डोळ्यात ती वर जात असेल, तर आतलं भिंग किंवा पडदा हलला आहे. स्क्रू ड्रायव्हर घेऊ नका, उघडलं की वॉरंटी जायची भीती. बिल काढा, आणि तक्रारीत "धूसर दिसतं" एवढंच लिहू नका. कोणत्या डोळ्यात, आयपीडी किती ठेवल्यावर, किती जणांना, रेघ वर गेली की खाली, हे लिहा. जमलं तर दोन्ही भिंगांतून मोबाइलने एकेक फोटो काढून जोडा. फोटो काढताना कॅमेरा बरोबर भिंगाच्या मध्यासमोर धरा, नाहीतर तोही धूसर येईल.